गाडी लावायची कुठे? : इस्लामपूरच्या ऊसवाटेवरचा थांबण्याचा इतिहास



वाहतुकीचा इतिहास म्हटला की आपल्याकडे बहुधा गाडी धावते कशी याचा इतिहास सांगितला जातो. रस्ता कधी झाला, पूल कधी बांधला, पहिली मोटार कधी आली, चौपदरीकरण कधी झालं, वगैरे. पण कुठलीही गाडी धावते त्यापेक्षा जास्त वेळ उभी असते. ती उभी कुठे राहते, कशी लावली जाते, मागे कशी घेतली जाते आणि ते काम कोण करतं, याचाही एक इतिहास आहे. आज आम्ही तो मांडणार आहोत. त्यासाठी इस्लामपूरचा परिसर निवडला आहे, कारण एका माणसाच्या आयुष्याइतक्या काळात या भागात गाडीची लांबी साधारण तिपटीने वाढली. गाडी उभी करण्याची व्यवस्था मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. उलट काही बाबतींत ती मागे गेली, असं आमचं म्हणणं आहे.

आधी जागा समजून घेऊ. इस्लामपूर हे वाळवा तालुक्याचं मुख्य ठिकाण. तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. एका बाजूला कृष्णा, दुसऱ्या बाजूला वारणा, मध्ये काळी कसदार जमीन. गावाला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही; गाडी पकडायची तर ताकारीसारख्या स्टेशनावर जावं लागतं. म्हणजे इथला सगळा माल रस्त्यानेच येणार आणि रस्त्यानेच जाणार. पुणे-बंगळूर महामार्ग पश्चिमेकडून जातो. वाघवाडी फाटा आणि पेठ नाका ही नावं या भागातल्या कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत.

आणि मुख्य माल कोणता? ऊस. १९६०च्या दशकात कोयना धरण पूर्ण झालं, कृष्णेला बारमाही पाणी राहू लागलं, उपसा सिंचन योजना उभ्या राहिल्या. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात प्रवरानगरला १९५०च्या सुमारास झाली होती. पुढच्या दोन दशकांत ती सांगली, रेठरे, वारणानगर असं करत या भागात पसरली, आणि इस्लामपूरला लागून साखराळ्याला राजारामबापू पाटलांच्या पुढाकाराने वाळवा तालुक्याचा कारखाना उभा राहिला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडींचा हुतात्मा कारखाना आला. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत या तालुक्यातल्या प्रत्येक रस्त्यावर उसाची गाडी असते. ती कुठून तरी भरून निघते आणि कुठे तरी नंबर लावून उभी राहते.

आता पहिला टप्पा, बैलगाडीचा. इथे एक शब्द बघा. बैलगाडीच्या काळात ‘गाडी सोडली’ म्हणजे काय? तर बैल जुवातून मोकळे केले, दांडी टेकवली, मुक्काम केला. गाडी सोडणं म्हणजे थांबणं. मग एसटी आली आणि ‘गाडी सुटली’ याचा अर्थ ‘निघून गेली’ असा झाला. एकच क्रियापद, अर्थ बरोब्बर उलट. भाषेत हा जो बदल दिसतो, तो नुसता शब्दांचा खेळ नाही. बैलाच्या गाडीत थांबणं हा प्रवासाचाच भाग होता. बैलाला पाणी लागतं, वैरण लागते, सावली लागते, बसून रवंथ करायला वेळ लागतो. त्यामुळे बैल जिथे जिथे जायचा तिथे तिथे समाजाला त्याच्या थांबण्याची सोय करावी लागायची. बाजारपेठेच्या कडेला मोकळी जागा, हौद, झाडं, रात्री शेकोटी. त्या जागांची नावं आजही आहेत. हडपसरला ‘गाडीतळ’ आहे, तिथे आता बस थांबतात. कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरपाशी ‘गाडी अड्डा’ आहे. गाड्या गेल्या, नावं राहिली.

आता बैलगाडी मागे कशी घ्यायची? हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो, पण आजच्या विषयाचं बीज त्यातच आहे. बैलाच्या मानेवर जू असतं. तो ते पुढे रेटतो. मागे सरकताना गाडीला धरून ठेवायला त्याच्या अंगावर फारसं काही नसतं. त्यामुळे दोन-चार पावलं तो मागे येईल, पण गाडी वळवून नेमक्या जागेत मागे घालायची म्हटलं की ते त्याचं काम नाही. मग गाडीवान काय करायचा? बैल सोडायचा, दांडी उचलायची, दोघा-तिघांनी चाकाला हात घालायचा आणि गाडी हव्या त्या जागेत ढकलून लावायची. म्हणजे ओढणारा आणि गाडी वेगळे करायचे आणि मग गाडी हातांनी लावायची. ही युक्ती लक्षात ठेवा, कारण पुढे वीस टनांच्या गाडीला हीच युक्ती वापरली गेली, फक्त हात पुरेनासे झाले.

उसाची बैलगाडी साधी लाकडी चाकाची राहिली नाही. १९३०च्या दशकात डनलॉप कंपनीने जनावरांच्या गाड्यांसाठी हवेचे टायर आणले आणि पुढे ‘डनलॉप गाडी’ हा शब्दच रूढ झाला. साखर कारखान्यांनी लोखंडी सांगाड्याच्या टायरगाड्या करून घेतल्या आणि बीड, नगर भागातून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना त्या वापरायला दिल्या. अशा गाडीत दोन-अडीच टन ऊस बसतो. आता आपण एक साधा हिशेब करू, अंदाजाचा. त्या काळातला ठरावीक सहकारी कारखाना दिवसाला १२५० टन गाळपाचा असायचा. सगळा ऊस बैलगाडीने आला असं धरलं, तर रोज ५०० गाड्या. बैलांसकट एक गाडी २० फूट धरली, तर एकामागे एक लावल्यावर १०,००० फूट, म्हणजे तीन किलोमीटरची रांग. म्हणून कारखान्याला लागून गाडीतळ आला, कोप्या आल्या, पाण्याची सोय आली. ती सोय चांगली होती असं आम्ही मुळीच म्हणत नाही. कोपीतलं जगणं काय असतं हे ऊसतोड मजुरांनी स्वतः सांगितलेलं आहे. मुद्दा एवढाच, की कारखान्याच्या आराखड्यात गाडी उभी राहण्यासाठी जागा धरावी लागत होती, कारण जनावर उपाशी ठेवून दुसऱ्या दिवशी ऊस येत नाही.

दुसरा टप्पा ट्रकचा. १९५४ मध्ये टेल्कोने मर्सिडीज-बेंझबरोबरच्या कराराने ट्रक बनवायला सुरुवात केली. हळूहळू लांबच्या गटातला ऊस ट्रकने येऊ लागला. ट्रकबरोबर दोन नवीन गोष्टी आल्या. पहिली म्हणजे रिव्हर्स गिअर. आता भरलेली गाडी स्वतःच्या ताकदीने मागे जाऊ लागली. दुसरी गोष्ट म्हणजे आंधळी बाजू.

ही दुसरी गोष्ट जरा नीट बघू. बैलगाडीत गाडीवान पुढे मधोमध बसतो. त्याला दोन्ही चाकं सारखीच जवळ. ट्रकमध्ये ड्रायव्हर उजवीकडे बसतो, आणि आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो. म्हणजे गाडी कडेला लावायची तर ती ज्या बाजूला लावायची, ती बाजू ड्रायव्हरपासून सर्वांत लांब. दगड, गटार, माणूस, सायकल, सगळं त्याला न दिसणाऱ्या अंगाला. हे फक्त आपल्याकडचं नाही. जिथे रस्त्याच्या उजवीकडून चालतात तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे कड पुन्हा लांबच. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून जगभर ड्रायव्हरला रस्त्याच्या मध्याकडे बसवलं गेलं. धावण्यासाठी हे बरोबर आहे. कडेला लावण्यासाठी मात्र ते जगभर अडचणीचं आहे.

आपल्याकडे या अडचणीवर माणूस हे उत्तर निघालं, क्लीनर. नाव क्लीनर, पण त्याचं खरं काम डोळ्याचं. तो खाली उतरतो, मागे जातो, गाडीच्या अंगावर थाप मारतो आणि ओरडतो, ‘येऊ द्या… येऊ द्या… थोडं डावं मारा… बस्स!’ त्या ‘बस्स’वर ड्रायव्हरचा विश्वास असतो. क्लीनर म्हणजे पुढचा ड्रायव्हर. उस्तादाच्या हाताखाली दोन-चार वर्षं मागे उभं राहून तो गाडी वळते कशी हे शिकतो. या शिक्षणाची शाळा नव्हती, पुस्तक नव्हतं. पण ते शिक्षण होतं, आणि ते पगारातल्या दुसऱ्या माणसावर उभं होतं.

तिसरा टप्पा ट्रॅक्टरचा, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर आयशरचा, १९५९ सालचा. १९६०-७०च्या दशकांत महिंद्रा, एस्कॉर्ट्स, एचएमटी अशी नावं आली. ट्रॅक्टर नांगरटीसाठी आला. पण शेतकऱ्याच्या लक्षात आलं, की वर्षातले थोडेच दिवस नांगरट असते, हप्ता मात्र बाराही महिने असतो. मग मागे ट्रॉली लावली. एक ट्रॉली ओढताना ताकद उरते म्हणून दुसरी लावली. गावोगावच्या वेल्डिंगवाल्यांनी ट्रॉल्या बांधल्या. आणि अशी ही आपल्या ओळखीची गाडी तयार झाली, एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, वीस टनांच्या घरातला ऊस, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी वाढ्यांचे शेंडे बाहेर आलेले. लांबी साधारण साठ फूट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८३च्या मानकात रस्ता आखताना धरायची ट्रक आणि ट्रेलरची सर्वांत मोठी लांबी १८ मीटर आहे. १८ मीटर म्हणजे ५९ फूट. म्हणजे देशातल्या रस्त्यांनी जी लांबी शेवटची म्हणून धरली होती, ती आपल्याकडे फडाच्या पाणंदीत रोज फिरते आहे.

ही साठ फुटी गाडी मागे घेणं इतकं अवघड का? ट्रकला मागे कुठे सांधा नाही. तो एक ठोकळा आहे. ट्रेलर म्हटला की सांधा आला. सांध्याचं तंत्र जुनं आहे. घोड्यांच्या चारचाकी गाडीत पुढचा आस वळावा म्हणून आडवं गोल कडं बसवत, त्याला इंग्रजीत ‘पाचवं चाक’ म्हणत. १९१४ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराने एका गिऱ्हाइकाची बोट नेण्यासाठी फोर्ड गाडीला मागे दोन चाकांचा सांगाडा जोडला आणि त्याला सेमी-ट्रेलर म्हटलं. आज महामार्गावरच्या कंटेनरच्या गाड्यांत जो सांधा आहे, त्याचं नाव अजूनही पाचवं चाकच आहे.

सांध्याचा गुण असा, की ओढली तर गाडी आपोआप सरळ होते. साखळीचं एक टोक धरून जमिनीवरून ओढा, ती सरळ येईल. तीच साखळी ढकला, ती दुमडेल. ट्रेलर मागे घेणं म्हणजे साखळी ढकलणं आहे. समजा आपल्याला डाव्या कडेला दोन गाड्यांच्या मधल्या जागेत ट्रेलर लावायचा आहे, ज्याला समांतर पार्किंग म्हणतात. गाडी आधी रिकाम्या जागेच्या पुढे नेऊन सरळ उभी करायची. आता ट्रेलरची शेपूट डावीकडे जायला हवी, तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं. कारण ओढणाऱ्या गाडीचं मागचं अंग उजवीकडे सरकतं, ते ट्रेलरचं तोंड उजवीकडे ढकलतं, म्हणून ट्रेलरची शेपूट डावीकडे जाते. शेपूट पुरेशी आत शिरली की लगेच स्टिअरिंग डावीकडे घेऊन पुढच्या गाडीने ट्रेलरच्या मागोमाग आत यायचं, आणि शेवटी सगळं एका रेषेत आणायचं. उशीर झाला तर सांधा दुमडतो. ड्रायव्हर त्याला ‘कैची बसली’ म्हणतात. कैची बसली की मागे जाऊन ती सुटत नाही. पुढे जाऊनच सोडवावी लागते.

हे झालं एका सांध्याचं. दुसरी ट्रॉली जोडली की उलट्याचं पुन्हा उलट होतं. स्टिअरिंग उजवीकडे, पहिल्या ट्रॉलीची शेपूट डावीकडे, म्हणून दुसऱ्या ट्रॉलीचं तोंड डावीकडे, म्हणून तिची शेपूट उजवीकडे. आणि ट्रॉली चार चाकांची असेल, तिचा पुढचा आस वळणारा असेल, तर तो आणखी एक सांधा. प्रत्येक सांध्यावर छोटी चूक मोठी होत जाते. गणितज्ञांना हा प्रश्न एवढा आवडला, की नियंत्रणशास्त्रात त्याला ‘एन-ट्रेलर’ असं नावच आहे, म्हणजे कितीही ट्रेलर जोडलेली गाडी. १९९०च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात डेरिक न्गुएन आणि बर्नार्ड विड्रो यांनी संगणकातल्या कृत्रिम मज्जाजालाला ट्रेलर मागे घ्यायला शिकवलं, आणि तो प्रयोग त्या शास्त्रात प्रसिद्ध झाला. त्यांच्या संगणकातल्या गाडीला एकच ट्रेलर होता, हे आपल्या ट्रॅक्टरवाल्यांना सांगायला हरकत नाही.

आपल्याकडे हे कौशल्य लोकांनी ओळखलं कुठे? जत्रेत. कोल्हापूर-सांगली भागात गावच्या यात्रेला ट्रॅक्टर रिव्हर्सच्या स्पर्धा होतात. मैदानात खुणा मांडलेल्या असतात, ट्रॅक्टरला ट्रॉली असते, कधी डबल ट्रॉली असते, आणि खुणेला न शिवता कमीत कमी वेळात मागे न्यायची असते. बघायला ही गर्दी. जो दुमडू न देता नेतो त्याला बक्षीस, टाळ्या, गावभर नाव. बैलगाडा शर्यतीत वेगाला मान आहे. इथे नेमकेपणाला मान आहे. पण हाच माणूस दुसऱ्या दिवशी रात्री अकरा वाजता ऊस घेऊन निघतो, तेव्हा त्याच्या या कौशल्याला ना वेगळा दाम मिळतो, ना ते वापरायला जागा.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायदा १९१४ चा, मग १९३९ चा, मग १९८८ चा. १९८८ च्या कायद्याचं कलम १२२ सांगतं, की इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा जागी गाडी सोडून जायचं नाही. त्याबरोबरच्या १९८९ च्या नियमांत थांबलेल्या गाडीच्या दिव्यांचा, परावर्तकांचा उल्लेख आहे, आणि परवान्याच्या चाचणीत गाडी मागे घेऊन अरुंद जागेत नेमकेपणाने नेण्याचाही आहे. म्हणजे कागदावर थांबण्याचा विचार आहे. पण ट्रॉलीचं काय? २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक अपघाताचं प्रकरण आलं. ट्रॅक्टरला ट्रेलर जोडलेला होता, ड्रायव्हरकडे ट्रॅक्टरचा परवाना होता, आणि विमा कंपनी म्हणत होती, की ट्रेलर जोडल्यावर हा परवाना चालत नाही, आम्ही भरपाई देणार नाही. न्यायालयाने सांगितलं, की केवळ ट्रेलर जोडला म्हणून ट्रॅक्टरचा परवाना निरुपयोगी ठरत नाही. अपघातग्रस्ताच्या बाजूने बघितलं तर हा निकाल न्याय्यच आहे. नाही तर कंपन्यांना पळवाट मिळाली असती. पण त्यातून व्यवहाराचं एक चित्रही दिसतं. कायद्याच्या लेखी ट्रॉलीने ड्रायव्हरच्या पात्रतेत काही फरक पडला नाही. हातात स्टिअरिंग असणाऱ्याला विचारा, सगळाच फरक पडतो.

अमेरिकेत याकडे वेगळ्या नजरेने बघितलं गेलं. तिथे ७ फेब्रुवारी २०२२ पासून जड वाहनाच्या नव्या चालकासाठी जे सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण आहे, त्यात समांतर पार्किंगचे दोन धडे वेगवेगळे आहेत, एक दिसणाऱ्या बाजूचा, एक आंधळ्या बाजूचा. आपल्याकडचा क्लीनर ज्या ज्ञानावर जगला, ते तिथे अभ्यासक्रमात लिहून काढलं. आपल्याकडे मात्र खर्च वाचवायला क्लीनर कमी होत गेला. उसाच्या ट्रॅक्टरवर तर बऱ्याचदा ड्रायव्हर एकटाच असतो. डोळा गेला, आंधळी बाजू तेवढीच राहिली.

मग एकटा ड्रायव्हर साठ फुटी गाडी घेऊन काय करतो? तो ती मागे घेतच नाही. गाडीवानाची जुनी युक्ती वापरतो, सोडतो. उसाचा फड रस्त्यापासून आत असतो. पाणंद अरुंद, ओली, वळणाची. दोन ट्रॉल्या जोडून आत गेलं तर वळायला जागा नाही आणि मागे येता येत नाही. म्हणून एक ट्रॉली आत न्यायची, ती भरली की ओढून डांबरी रस्त्यावर आणायची, कडेला सोडायची, पिन काढायची, परत आत जाऊन दुसरी आणायची, आणि रस्त्यावरच दोन्ही जोडून कारखान्याकडे निघायचं. पहिली भरलेली ट्रॉली दुसरी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला एकटी उभी. कधी तास, कधी दोन तास, फडातलं चाक चिखलात रुतलं तर अख्खी रात्र. तिला इंजिन नाही, म्हणून दिवा नाही. मागचा परावर्तक असला तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला. साइडपट्टी असली तर खचलेली, म्हणून अर्धी ट्रॉली डांबरावर.

आणि त्या रस्त्याने मोटारसायकलवर कोण येतं? दुसऱ्या पाळीवरून सुटलेला कामगार, दूध घालून परतणारा शेतकरी, लग्नाहून येणारं जोडपं. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड डोळ्यांवर, आणि त्या उजेडामागे काळा अंधार. त्या अंधारात वीस फुटांची ट्रॉली आहे हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. गळीत हंगामात उभ्या ट्रॉलीवर धडकून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या या भागातल्या वाचकाला नवीन नाहीत. दर वर्षी हंगामाच्या तोंडावर परिवहन विभाग, पोलीस, कारखाने परावर्तक लावण्याची मोहीम घेतात. ती चांगलीच आहे, चालू राहिली पाहिजे. पण परावर्तक ट्रॉली दिसावी यासाठी असतो. ती तिथे का उभी आहे, हा प्रश्न तो सोडवत नाही.

तो प्रश्न इतिहासाचा आहे. आपण मघाचा हिशेब पुढे नेऊ. आज दिवसाला ५००० टनांचा कारखाना धरा, आणि सगळा ऊस डबल ट्रॉलीने येतो असं समजा. वीस टनांप्रमाणे २५० गाड्या. संख्या निम्मी झाली. पण साठ फुटांप्रमाणे लांबी किती? १५,००० फूट, साडेचार किलोमीटर. तीन किलोमीटरची रांग साडेचारची झाली, आणि तिच्यातली एकही गाडी आता दोघांनी ढकलून बाजूला घेता येत नाही. कारखान्यांनी आपल्या आवारात वाहनतळ केले, काट्यावर एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडायची वाट केली, म्हणजे मागे घ्यावंच लागू नये. हा शहाणपणा आहे. यंत्राचा स्वभाव ओळखून जागा आखली गेली. पण तो शहाणपणा कारखान्याच्या फाटकापाशी संपतो. फाटकाबाहेरची रांग आणि फडाजवळचं जोडण्याचं ठिकाण, दोन्ही सार्वजनिक रस्त्यावर आले. आणि तोडलेला ऊस थांबू शकत नाही. जितका वेळ जाईल तितकं वजन घटतं, साखर उतरते. शेतकऱ्याला घाई, तोडणीवाल्याला घाई, कारखान्याला घाई. या सगळ्यांच्या घाईत ट्रॉली जिथे सुटते तिथे उभी राहते.

आता आमचा मुद्दा नीट मांडतो. बैलाच्या काळात गाडीला तळ मिळाला तो माणसं जास्त समंजस होती म्हणून नव्हे. बैल थकत होता, म्हणून. त्याची भूक, तहान आणि थकवा हिशेबात धरावा लागत होता. इंजिन थकत नाही. ते वैरण मागत नाही, सावली मागत नाही. म्हणून गाडी थांबते ही गोष्टच हिशेबातून गळून गेली. थांबणं संपलं नाही, उलट लांबलं. पण त्याचा भार रस्त्याच्या कडेवर आला, एकट्या ड्रायव्हरवर आला, आणि शेवटी अंधारातून येणाऱ्या अनोळखी माणसावर आला. ड्रायव्हर निष्काळजी आहे असं म्हणून आपण मोकळे होतो. काही असतीलही. पण ज्याच्याकडे मागे घेता येणारी गाडी नाही, मागे बघणारा साथीदार नाही आणि सोडायला जागा नाही, त्याच्यापुढे पर्याय किती ठेवले आहेत, हेही विचारायला हवं.

यावर काय करता येईल? फार मोठं काही लागत नाही. ऊस कुठल्या गटातून, कुठल्या पाणंदीतून, कुठल्या आठवड्यात येणार याची नोंद कारखान्याच्या शेती खात्याकडे असते. तोडणीचा कार्यक्रम त्यावरच चालतो. म्हणजे ट्रॉली कुठे सोडली जाणार हे आधी माहीत असतं. अशा ठिकाणी रस्त्यापासून आत मुरूम टाकून ट्रॉलीपुरती जागा करता येते, गायरानाचा तुकडा असेल तर तो, नसेल तर हंगामापुरता भाड्याने. मुद्दाम ती जागा अशी आखायची, की एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडता यावं, मागे घ्यायची वेळच येऊ नये. सोडलेल्या ट्रॉलीमागे बॅटरीवरचा लाल दिवा ठेवायचा. आणि हंगामात ट्रॅक्टरबरोबर दुसरा माणूस असावा, त्याचा रोज वाहतुकीच्या दरात धरलेला असावा. जुना गाडीतळ जसा कारखान्याच्या खर्चात धरलेला होता, तसाच हा तळही धरायला काय हरकत आहे?

शेवटी एवढंच. हंगाम सुरू झाला की वाघवाडी फाट्यावरून आत वळताना, किंवा तुमच्या गावच्या रस्त्यावर, सोडलेली ट्रॉली दिसली, तर तिच्याकडे एकदा या नजरेने बघा. ती कुणाची, हे तर विचाराच. पण ती उभी राहायला आपण जागा कुठे ठेवली होती, हेही विचारा. ग्रामसभेत विचारा, कारखान्याच्या वार्षिक सभेत विचारा. तुम्ही सभासद असाल तर तो तुमचा हक्क आहे.

तुमच्यापैकी कुणी ट्रॅक्टर चालवत असाल, किंवा घरात जुने गाडीवान असतील, तर त्यांच्याकडून गाडीतळांच्या जागा आणि तिथले शब्द लिहून घ्या. तो इतिहास अजून बराचसा लोकांच्या तोंडीच आहे.